मुंबई–न्यूयॉर्क: जाताना साडेपंधरा तास आणि येताना सव्वाचौदा, हे कसं?

नाना_तासगाव

नमस्कार मंडळी. मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो, आता रिटायर. सगळी नोकरी टाइमटेबलात गेली. त्यामुळं गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता लागली याचा मेळ बसल्याशिवाय मला जेवण जात नाही.

थोरली मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आमची मंडळी तिच्याकडं निघतोय, मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत. एजंटानं तीन पर्याय कागदावर लिहून दिलेत: थेट विमान, अबू धाबीवरून आणि लंडनवरून. पैशाचा फरक आहे, पण तो मुलगी बघून घेईल. मला वेळेचा हिशेब लागत नाही.

थेट विमान मुंबईतनं रात्री १.३० ला सुटतं आणि त्याच दिवशी सकाळी ७.३० ला न्यूयॉर्क. म्हणजे कागदावर सहा तास. सहा तासांत आमची गाडी तासगावातनं पनवेल गाठताना घाम गाळते. बरं, घड्याळं वेगळी असतात एवढं मला कळतं. साडेनऊ तास मिळवले, साडेपंधरा झाले. येताना न्यूयॉर्कहून सकाळी ११.३० ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.१५ ला मुंबई. हे पावणेपंचवीस तास, त्यातनं साडेनऊ वजा केले की सव्वापंधरा. पण जावई फोनवर म्हणाला, "नाना, येताना सव्वाचौदाच लागतात." आता एक तास आणखी कुठनं काढला?

नेटवर अंतर १२,५३० किलोमीटर दिसतं. वेग ९०० धरला तर तेरा तास पंचावन्न मिनिटं. म्हणजे माझ्याकडं एकाच रस्त्याच्या तीन वेळा झाल्या आणि एकही दुसरीला जुळत नाही. कुंभार्ली घाट चढायला जास्त वेळ आणि उतरायला कमी, हे समजू शकतो. आकाशात कसला आलाय घाट?

आणखी एक. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते असं शाळेत शिकलो. मग पश्चिमेला निघालेल्या माणसाकडं न्यूयॉर्क आपणहून यायला पाहिजे. इथं तर उलटंच, जातानाच जास्त वेळ. आणि मुलगी सांगते की मागच्या खेपेला समोरच्या पडद्यावर विमान ग्रीनलंडच्या बाजूला दिसत होतं. अमेरिका पश्चिमेला, मग उत्तरेकडं कशाला जायचं? कुणी जाणकार असेल तर नीट समजावून सांगा. "गूगल करा" म्हणू नका, तिथनंच आलोय.

जर्सीचा_जावई

नाना, मी तुमचा जावई नाही, पण तो बरोबर सांगतोय. 🙂

अमेरिकेत घड्याळ वर्षातून दोनदा सरकवतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागं. आपल्याकडं तसं काही नाही. म्हणून तुम्ही ऑक्टोबरात जाताना फरक साडेनऊ तासांचा असेल आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात परतताना साडेदहाचा. पावणेपंचवीसातून साडेदहा गेले, राहिले सव्वाचौदा. परतीचं तिकीट मार्चच्या दुसऱ्या रविवारच्या पुढं ढकललंत तर फरक पुन्हा साडेनऊवर येईल आणि कागदावरच्या वेळाही बदललेल्या दिसतील. एजंटाला फोन करून घाबरवू नका.

बाकी वाऱ्याबिऱ्याचं इथले मोठे लोक सांगतील.

भूगोलाच्या_बाई

ग्रीनलंडचं मी सांगते. घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो अरबस्तान, भूमध्य समुद्र असा जाणारच नाही. कच्छवरून वर सरकेल, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, मग नॉर्वे-आइसलँडच्या आसपास, तिथून ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि कॅनडावरून खाली न्यूयॉर्क. तोच सगळ्यात जवळचा रस्ता. मुंबईतून निघताना त्याची दिशा पश्चिम नसतेच, वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकलेली असते. सर्वांत वर तो साधारण ६५ अक्षांशापर्यंत जातो.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर तुम्ही पट्टी ठेवून जी सरळ रेघ ओढाल, ती गोलावर मोजली तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. वरून वळसा वाटणारा रस्ता १२,५३०. म्हणजे वळसा वाटतो तो रस्ता साडेसोळाशे-सतराशे किलोमीटरनं जवळचा. दोष विमानाचा नाही, नकाशाचा आहे. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही जागे व्हायचे.

हवाईनोंद

नाना, राम राम. मी फ्लाइट डिस्पॅचमध्ये होतो. विमान सुटायच्या आधी त्याचा रस्ता, उंची, इंधन ठरवून कॅप्टनच्या हातात कागद देणारा माणूस. म्हणजे तुमच्याच खात्यातला म्हणा. त्यामुळं हा प्रश्न बघून राहवलं नाही.

आधी पृथ्वीच्या फिरण्याचा किडा डोक्यातून काढू. मुंबईच्या धावपट्टीवर विमान उभं असतं तेव्हाच ते जमिनीबरोबर पूर्वेकडं ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटरनं चाललेलं असतं. हवाही जमिनीबरोबरच चाललेली असते. उडालं म्हणून तो वेग गळून पडत नाही. त्यामुळं न्यूयॉर्क तुमच्याकडं येत नाही आणि लांबही पळत नाही. तो हिशेब दोन्ही बाजूंनी कटतो.

आता घाट. घाट आहे, नाना, फक्त डोळ्यांना दिसत नाही. तीस-चाळीस हजार फुटांवर, आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला, पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणारा वाऱ्याचा पट्टा असतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो, कधीकधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. विमान हवेच्या तुलनेत ९०० नंच चालतं. पण समोरून सरासरी ५० चा वारा असेल तर जमिनीवर ८५०, पाठीमागून ७० चा असेल तर ९७०. हा आमच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. किलोमीटर त्याच्यापुढं दुय्यम.

एक टोकाचं उदाहरण सांगतो. ९ फेब्रुवारी २०२० ला अटलांटिकवर वादळ होतं. त्या पहाटे ब्रिटिश एअरवेजचं जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरचा वेग एका टप्प्यावर ताशी १,३०० च्या पुढं होता. एरवी याच प्रवासाला सात तासांच्या आसपास लागतात. वैमानिकानं काही जास्त रेटलं नव्हतं, वारा पाठीला होता.

आणि हे त्याहून भारी. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. जुना रस्ता १३,९०० किलोमीटर, नवा १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त, तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. कारण जाताना पूर्वेकडं, वाऱ्याबरोबर. परत येताना अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडंच. एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा, आणि वारा दोन्ही वेळेला पाठीला. आता मला सांगा, तुमच्या खात्यात कुणी लांबचा रस्ता धरून लवकर पोचलं असतं का? चौकशी लागली असती.

तुमचे तेरा तास पंचावन्न कागदावर बरोबर आहेत, पण १२,५३० हे दोन विमानतळांमधलं गणिती अंतर. तेवढ्याच रेषेवरून विमान कधी जात नाही. वाटेत कुणाचं आकाश बंद, कुठं वादळ, कुठं लष्कराचा सराव. बाईंनी सांगितलेला दोरा कच्छनंतर सिंधवर जातो. २०१९ मध्ये २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद होतं. २४ एप्रिल २०२५ ला पुन्हा बंद झालं आणि मुदत महिन्यामहिन्यानं वाढत गेली. मग मुंबईतून आधी अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूला जायचं आणि तिथून वर वळायचं. जून २०२५ मध्ये तर इराणचं आकाशही बंद झालं, कित्येक विमानं अर्ध्या वाटेतून फिरवावी लागली. अमेरिकन कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही, आपल्या कंपन्यांना येतं. त्यामुळं एकाच दिवशी, एकाच शहरातून सुटलेल्या दोन विमानांचे रस्ते वेगळे असू शकतात.

म्हणून जाताना १२,९०० किलोमीटर धरा आणि वेग ८५०. सव्वापंधरा तास झाले. शिवाय धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं. कागदावरची वेळ ही गेट सोडल्यापासून गेट लागेपर्यंतची असते, त्यात कंपन्या थोडी सैल जागाही ठेवतात. ऑक्टोबरातला वारा जरा दयाळू निघाला तर साडेपंधरा, जानेवारीत सोळा ओलांडतात. येताना १३,००० भागिले ९७०, म्हणजे तेरा तास पंचवीस मिनिटं, अधिक जमिनीवरचा वेळ. सव्वाचौदाला आलात की नाही? रस्ता मात्र तोच नसतो. येताना आम्ही मुद्दाम दक्षिणेकडून, वाऱ्याचा पट्टा पकडून आणतो. अटलांटिकवरचे मार्ग तर रोज दोनदा नव्यानं आखले जातात. पश्चिमेकडं जाणारे ब्रिटन-आयर्लंडकडचं शॅनविक हे नियंत्रण केंद्र ठरवतं, पूर्वेकडं येणारे कॅनडातलं गँडर. कालचा रस्ता आज नसतो.

नाना_तासगाव

वा! साहेब, तुमच्यासारखा माणूस डेपोत असता तर अर्ध्या तक्रारी कमी झाल्या असत्या. बाई, दोरा लावून बघितला. आमच्या मंडळींनी "हे काय पोरखेळ" म्हणून विचारलं आणि मग स्वतःच दोरा धरून बसल्या.

दोन शंका राहिल्या. साडेपंधरा तास न थांबता जायचं तर डिझेल भरतात तरी किती? आणि खरा प्रश्न असा की मंडळींचे दोन्ही गुडघे कामातनं गेलेत. लांब बसलं की पाय सुजतात. तिघांतलं कुठलं घ्यावं? मला वाटतं अबू धाबी बरं, मध्ये पाय मोकळे होतील.

हवाईनोंद

डिझेल नव्हे, रॉकेलचं चुलत भावंड. बोइंग ७७७-३०० ईआर घेतलं तर टाक्यांत १,८१,००० लिटर मावतं, वजनात १४५ टन. उडताना त्या विमानाचं सगळं मिळून जास्तीत जास्त वजन ३५१ टन. म्हणजे पाच भागांतले दोन भाग इंधनच. तासाला सात-आठ टन जळतं. सुरुवातीला विमान इतकं जड असतं की फार उंच चढवत नाही, तीस-एकतीस हजारांवर ठेवतो. जसजसं इंधन जळेल तसं टप्प्याटप्प्यानं वर, शेवटी सदतीस-अडतीस हजार. पडद्यावर उंचीचा आकडा बघत राहा, मधूनच दोन हजारांनी वाढलेला दिसेल. झोप लागली नाही तर तेवढीच करमणूक.

१९६० च्या मे महिन्यात एअर इंडियानं न्यूयॉर्कची सेवा सुरू केली ती बोइंग ७०७ नं, लंडनला थांबून. त्या विमानाला एका दमात जमणारं नव्हतंच.

आता अबू धाबी. नाना, टप्पे कसे पडतात ते बघा. मुंबई–अबू धाबी तीन-सव्वातीन तास. अबू धाबी–न्यूयॉर्क ११,००० किलोमीटर, चौदा तासांच्या आसपास. पाय मोकळे होतील ते अगदी सुरुवातीला, जेव्हा अजून आखडलेलेच नसतात. पुढं चौदा तास बसायचंच. लंडनवरून गेलात तर मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर, दहा तासांच्या आत-बाहेर, आणि लंडन–न्यूयॉर्क साडेपाच हजार, आठ तास. मोडायचा तर प्रवास तिथं मोडा. माझं वैयक्तिक मत विचाराल तर थेट. एकदा चढायचं, एकदा उतरायचं. वय झालं की प्रत्येक विमानतळ हा एक नवा घोळ असतो.

दोन्हीकडची_आजी

हवाईनोंदरावांचं गणित बरोबर असेल, पण त्यांना गुडघे नाहीत असं दिसतं. 😄

मी पुण्याची, मुलगा फिलाडेल्फियाला. तिन्ही तऱ्हेनं जाऊन आले आहे. थेट विमानात दहाव्या तासानंतर वेळ पुढं सरकत नाही. जेवण झालं, झोप झाली, सिनेमा झाला, तरी पडद्यावर पाच तास बाकी. त्या वेळेला माणूस स्वतःच्या मुलांना शिव्या देतो.

अबू धाबीची एक बाजू कुणी सांगितली नाही. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथंच होतं, २०१४ पासून. साहेब तिथंच बसलेले असतात. प्रश्न विचारतात, ठसे घेतात, आणि मग न्यूयॉर्कला उतरलं की मुंबईहून नागपूरला गेल्यासारखं. बॅगा घ्यायच्या आणि बाहेर. दमून आल्यावर तासभर रांगेत उभं राहणं वाचतं. पण त्यासाठी मध्ये किमान तीन तास हवेत. एजंट दीड तासाचं जोडून देत असेल तर घेऊ नका.

गुडघे मात्र बघायचे तर लंडनच. ट्रान्झिट व्हिसाचं काय ते तुमच्या पासपोर्टाचा आणि अमेरिकन व्हिसाचा फोटो देऊन एजंटाकडून लेखी घ्या, तोंडी नको. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर हवा. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याला तुमची पडलेली नसते.

व्हीलचेअर बुक करताना लाजायचं नाही. तिकिटाच्या वेळीच सांगायचं. वहिनींना कडेची सीट द्या, खिडकीत अडकवू नका. रात्री उठून दोन फेऱ्या मारता यायला हव्यात. पाण्याची बाटली सुरक्षा तपासणीनंतर भरून घ्यायची. पायांना घट्ट मोजे मिळतात, ते डॉक्टरांना विचारून घ्या, त्यांच्या मापाचे. बीपीच्या गोळीचं वेळापत्रक पण डॉक्टरांकडूनच लिहून न्या. घड्याळ साडेनऊ तास मागं गेल्यावर "सकाळची गोळी" कधी घ्यायची यावर आमच्या ह्यांनी विमानातच वाद घातला होता. आणि औषधं हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत एकही नाही.

जर्सीचा_जावई

आजी +१. आणि नाना, उतरल्यावर पहिले चार दिवस पहाटे तीनला टक्क जाग येईल. मुलीला आधी सांगून ठेवा, नाहीतर स्वयंपाकघरात चोर शिरला म्हणून ती काठी घेऊन येईल. आमच्याकडे झालंय.

नाना_तासगाव

आज एजंटाकडं जाऊन आलो. ठरलं असं: जाताना लंडनवरून, येताना थेट. जाताना वारा समोरून आहे, तेव्हा प्रवास मोडायचा. येताना तो पाठीला, सव्वाचौदा तासांत मुंबई. एजंट म्हणाला, असं अर्धं-अर्धं कुणी मागत नाही, थोडं महाग पडेल. म्हटलं पडू दे, वाऱ्याचा हिशेब केलाय. त्याला काही कळलं नाही. मुलीला कळवलं, तिनं हो म्हटलंय. ट्रान्झिटचं लेखी मागितलंय, उद्या देतो म्हणाला. व्हीलचेअर दोन्हीकडं लिहून घेतली.

शेवटचा एक प्रश्न. तासगावचा माणूस, बेदाणे नेल्याशिवाय लेकीचं तोंड बघायला जाणार नाही. शिवाय मंडळींची शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला. न्यूयॉर्कला काढून घेतात का?

दोन्हीकडची_आजी

चटणी आणि मसाला मी नेते, कोरडं आणि घट्ट पॅक केलेलं. तेल सुटणारं असेल तर दोन पिशव्यांत घाला. नाहीतर व्हिसाच्या मुलाखतीला नेलेला सूट त्याच मसाल्याच्या वासाचा होईल. बेदाणे घरचे खुले नेऊ नका. बाजारातलं सीलबंद पाकीट घ्या, ज्यावर नाव-पत्ता छापलेला आहे. ताजी फळं, बिया, रोपं आणि मटणाचं काहीही अजिबात नको.

आणि अधिकाऱ्यानं "खाण्याचं काही आहे का" विचारलं की सरळ हो म्हणायचं आणि काय आहे ते सांगायचं. सांगितलेली वस्तू त्यांना नको असेल तर ते ती काढून घेतात, तेवढंच. न सांगता सापडली तर दंड होतो. मसाल्याला इंग्रजीत काय म्हणतात ते जावयाला विचारून पाकिटावर चिकटवून ठेवा.